दचकणारा माणूस अडाणी नसतो

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या पोट्ट्यांना एक नवा नाद लागला आहे. घरातली म्हातारी ओसरीत सूप घेऊन तूर पाखडत बसलेली असते. कुणीतरी हळूच मागून येतो, मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवतो आणि तिच्या कानाशी अलार्म वाजवतो. सूप हातातून सुटते, तूर अंगणभर होते आणि तेवढे चित्रण गावभर फिरते. कधी मोबाइलच्या जागी मिक्सर असतो, कधी इन्व्हर्टरची किंकाळी. या व्हिडिओंवरून चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या मांडवात जो वाद रंगतो, तो मी बऱ्याचदा ऐकला आहे. एक बाजू म्हणते, "बुढीले मशीनची सवय नाई, होईन हळूहळू." दुसरी म्हणते, यंत्रांनी गावाची शांतता गिळली, पूर्वी कसे सगळे निवांत होते. पहिल्या बाजूला दचकणाऱ्याचे अज्ञान दिसते, दुसरीला यंत्राचे पाप. प्रत्यक्ष आवाज कसा आहे, तो काय सांगतो, याकडे दोघांचेही लक्ष नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. घरातल्या यंत्राच्या आवाजाने माणूस दचकतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष त्या आवाजाच्या घडणीत असतो. चाहूल न देता वाजणारा, कुठून आला ते न कळणारा आणि काय हवे ते न सांगणारा आवाज काढणारी वस्तू सदोष आहे. ती दुरुस्त करण्याचे काम बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे आहे. सत्तरीतल्या बाईने मन घट्ट करावे, हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही.

आधी अज्ञानाचा आरोप तपासू. दचकणे विचार करून होत नाही. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून थेट पापण्या, मान आणि खांद्यांच्या स्नायूंकडे जातो. पापणी मिटायला सेकंदाचा विसावा भागही पुरतो. 'हा तर मिक्सरचा आवाज' हे ज्ञान जागे होईपर्यंत अंग दचकून मोकळे झालेले असते. चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड लावले आणि साप झेपावला तरी जागचे हलायचे नाही असा निश्चय केला. साप काचेवर आदळला आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. मध्ये काच आहे, साप आपल्याला चावू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. १८७२ साली त्याने हे स्वतःच लिहून ठेवले आणि आपली बुद्धी व इच्छाशक्ती तिथे निरुपयोगी ठरल्याची कबुली दिली. पुढे १९३९ साली लँडिस आणि हंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या बारानंतर माणसाचे शरीर काय करते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंदुकीचा रोजचा सराव असलेल्या पोलिसांच्याही पापण्या मिटल्याच. ज्ञानाने दचकणे थांबत असते, तर डार्विन आणि ते पोलीस दचकले नसते. मग जिने जन्मभर कापूस वेचला, निंदण केले, तिच्याकडूनच ही अपेक्षा का?

यावर एक हमखास प्रश्न येतो. "तिला तर कमी ऐकू येते, हाक मारली तर ओ देत नाही. मग आवाजाने दचकते कशी?" प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की बुढी सोंग करते. उलट, कमी ऐकू येणे हेच बऱ्याचदा जास्त दचकण्याचे कारण असते. वयाने कानाच्या आतल्या पेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येईनासे होतात. पण मोठा आवाज जवळजवळ तरुण माणसाइतकाच मोठा लागतो. मधली पायरीच नाहीशी होते. कूलरचा पंप कोरडा पडण्याआधी करतो ती कुरकुर, फ्रिज सुरू होण्याआधीची खट्ट, कुणाच्या तरी पावलांचा आवाज, या सगळ्या चाहुली तरुण कानाला नकळत मिळत असतात. म्हाताऱ्या कानाला त्या मिळत नाहीत. त्यांच्यासाठी आवाज शून्यातून एकदम शिखरावर येतो. म्हणून आजी दचकते आणि शेजारी बसलेला नातू दचकत नाही. नातवाला यंत्राची अक्कल जास्त आहे, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, पाण्याचे फिल्टर, दार उघडे राहिले म्हणून ओरडणारा फ्रिज, या सगळ्यांच्या पोटात एक छोटी चकती असते. वीज दिली की ती थरथरते आणि चिर्र वाजते. तिचा आवाज साधारण तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचा असतो, आणि आवाज कुठून आला हे ओळखण्यात माणूस नेमका याच पट्ट्यात सर्वांत कच्चा आहे. जाड, खालच्या पट्टीचा आवाज दोन कानांना किंचित पुढे-मागे पोचतो, त्यावरून दिशा कळते. खूप बारीक आवाजाला डोके आडवे येते, म्हणून तो एका कानाला मोठा आणि दुसऱ्याला लहान लागतो, त्यावरूनही दिशा कळते. मधल्या पट्ट्यात दोन्ही खुणा दुबळ्या पडतात. स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी १९३६ सालीच हे मोजून दाखवले होते. रात्री अडीच वाजता एकच 'टीं' वाजते आणि घरातली पाच माणसे पाच दिशांना बघतात. कुणी मोबाइल चाचपतो, कुणी गॅस बघायला उठतो, कुणाला गोठ्यात काही शिरले असे वाटते. बिनखिडकीच्या जाड भिंतींच्या खोलीत आवाज आपटून परत येतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. यंत्र करणाऱ्याने तो आधी समजून घ्यायला हवा होता.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. जुने गाव शांत होते, हे मला मान्य नाही. विदर्भातले गाव कधीच मुके नव्हते. पिठाच्या गिरणीचा पट्टा दुपारभर फटफटायचा. खामगाव, हिंगणघाट, अकोला, अमरावती या कापसाच्या मुलखात जिनिंगचे भोंगे आसपासच्या शिवारात ऐकू जायचे. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी तिथेच सुरू झाली, आणि शहराच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी आपला दिवस गिरणीच्या भोंग्यावर लावला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या 'शकुंतला' या छोट्या रेल्वेगाडीला तर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. त्या इंजिनाची शिट्टी घरातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा कितीतरी मोठी. पोळ्याला घुंगरमाळा, मरीमाईच्या जत्रेत डफडे, शाळेत लोखंडी पट्टीवर पडणारे टोल. मोठे आवाज होतेच आणि माणसे त्यांच्यासोबत सुखाने राहत होती.

तरी त्यांनी माणूस उठसूट दचकत का नव्हता? कारण त्या प्रत्येक आवाजाला वेळ होती, जागा होती आणि जाब विचारता येईल असा धनी होता. कोतवालाची दवंडी घ्या. तो चौकात उभा राहून आधी डफडे वाजवायचा. त्या थापेत मजकूर काहीच नसे. ती फक्त कान वळवायला असे. बाया हातातले काम ठेवून दारात येत, पोरे धावत जात, मग तो सांगे की उद्या लसीकरण आहे किंवा तलाठी सारा घ्यायला येणार आहे. पुढल्या चौकात जाऊन पुन्हा तेच. ज्याला कळले नाही तो "काय म्हनलं गा?" असे विचारून घेई आणि कोतवाल थांबून उत्तर देई. आधी हलकी हाक, मग मजकूर, मग शंकेला उत्तर. गावाने ही पद्धत कुठल्या प्रयोगशाळेत शिकली नव्हती, पण प्रयोगशाळेने तिलाच दुजोरा दिला आहे. मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी एक हळू आवाज ऐकवला, तर माणसाचे दचकणे लक्षणीय कमी होते. मानसशास्त्रात हा परिणाम वारंवार तपासला गेलेला आहे. कुकर हेच करतो. शिट्टी मोठी, कर्कश. पण आधी वाफेची सुसू, मग शिट्टीची थरथर, मग आवाज. कुकरच्या शिट्टीला घाबरून चुलीपासून पळालेली बाई मी तरी पाहिलेली नाही. चाहूल न देता किंचाळायचे हे इलेक्ट्रॉनिक चकतीचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणून 'यंत्रे वाईट' असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. कुकरही यंत्रच आहे. गिरणीही यंत्रच होती.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. इशारा देणाऱ्या आवाजाने दचकवलेच पाहिजे, नाहीतर तो इशारा कसला? झोपलेल्या माणसाला हळूच 'उठा' म्हणून कसे चालेल? हा मुद्दा मी मनापासून मानतो, आणि विदर्भात राहणाऱ्याने तो मानलाच पाहिजे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत मोहफूल वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी वीज पडून माणसे आणि ढोरे मरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' हे अ‍ॅप केले ते यासाठीच. भंडारा-गोंदियाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या कमरेचा फोन अशा वेळी जोरात ओरडला, तर त्या ओरडण्याला मी हात जोडीन.

पण हा मुद्दा मान्य केला की त्याच्या पोटातून दुसराच निष्कर्ष निघतो. दचकवण्याची ताकद मोलाची आहे, म्हणूनच ती जपून वापरायची असते. विमानाच्या चालककक्षाइतकी जीवघेण्या इशाऱ्यांची जागा दुसरी क्वचितच असेल. तिथले इशारे कसे असावेत यावर रॉय पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९८२ साली ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहिली. कारण काय? इशारे इतके मोठे आणि इतके अचानक वाजत, की वैमानिक बिघाड बघायच्या आधी आवाज बंद करायला धावत, आणि आवाज चालू असेपर्यंत त्यांना एकमेकांशी बोलताही येत नसे. पॅटरसनने वैमानिकांना धीट व्हायला सांगितले नाही. आवाज टप्प्याने चढवा, मध्ये बोलायला जागा सोडा, प्रत्येक इशाऱ्याची चाल वेगळी ठेवा, इशारे मोजकेच ठेवा, असे त्याने सांगितले. हजारो तास उडालेल्या माणसांसाठी आवाज बदलणे रास्त ठरते, आणि आमच्या मायसाठी मात्र माय बदलणे रास्त ठरते, हे कुठले तर्कशास्त्र?

२०२३ साली देशभर झालेल्या मोबाइल इशाऱ्यांच्या चाचण्या आठवा. पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्या अनेकदा झाल्या. फोन शांत ठेवलेला असला तरी एकाच वेळी असंख्य फोन एका अनोळखी, भेदक आवाजात वाजले. कुणी वावरात होते, कुणी दवाखान्यात, कुणी गाडीवर. पडद्यावर मजकूर काय? दूरसंचार विभागाकडून ही चाचणी आहे, याकडे दुर्लक्ष करा, तुम्हाला काहीही करायचे नाही. चाचणी घ्यायलाच हवी होती, त्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा, की जो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकू येतो तो 'दुर्लक्ष करा' हे शिकवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत तर तेही पोचले नाही. त्यांच्यापुरता तो आवाज म्हणजे फोन फुटतो की काय अशी नुसती भीती होती. गावात आदल्या दिवशी दवंडी देता आली असती. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, शाळेतून, आशाताईंकडून सांगता आले असते. आवाजाची ओळख आधी आणि आवाज नंतर, एवढा क्रम पाळला असता तर चाचणीची खरी शिकवण झाली असती. २०२० साली कोरोनाच्या काळात कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा. आजारी नातेवाइकाला धडधडत्या छातीने फोन लावणाऱ्या माणसाच्या कानात थेट खोकला. त्यामागचा हेतू चांगला होता. पण ऐकणारा त्या क्षणी कोणत्या मनःस्थितीत असेल, याचा विचार त्यात नव्हता.

खोटा इशारा किती लवकर मरतो हे आमच्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाआधी कळले आहे. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे हाकलायला पूर्वी माचावर जागल असायची, टिनाचा डबा बडवायचा, गोफण फिरवायची. आता बाजारात कुत्र्याच्या भुंकण्याचे, वाघाच्या डरकाळीचे आवाज काढणारे भोंगे मिळतात. सुरुवातीला डुकरे पळतात. काही रात्री गेल्या की ती भोंग्याखाली उभी राहून भुईमूग उकरतात. भुंकण्यामागे कुत्रा नाही, हे त्यांना उमगलेले असते. मग शेतकरी आवाज बदलतो, भोंग्याची जागा बदलतो, आणि शेवटी पुन्हा स्वतः जागलीला जातो. रानडुकराला जे कळते ते माणसाला कळणार नाही का? ज्या घरात इन्व्हर्टर बॅटरी कमी झाली म्हणूनही ओरडतो, भार जास्त झाला म्हणूनही त्याच सुरात ओरडतो आणि वीज आली-गेली तरी तेच करतो, तिथे खरोखर तार जळायला लागेल तेव्हा त्याच्याकडे कोण बघेल?

'सवय होईल' म्हणणाऱ्यांना इथेच उत्तर मिळते. सवय होते, हे खरे. पण ती दोन अटींवर होते: आवाज वारंवार आला पाहिजे आणि आल्यावर काही वाईट घडले नाही पाहिजे. महिन्यातून एकदा वाजणाऱ्या गजराची सवय कशी होणार? आणि ज्याची झाली, त्या गजराचा उपयोग काय उरला? म्हणजे 'सवय होईल' हे वाक्य खरे ठरले तर इशारा मेला, आणि खोटे ठरले तर म्हातारी दचकतच राहिली.

त्यातही एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. भीतीच्या सावटाखाली दचकणे वाढते. १९५१ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात हे दिसले: ज्या उंदरांना एखाद्या खुणेनंतर विजेचा झटका बसायची सवय लावली होती, ते ती खूण दिसत असताना साध्या आवाजालाही जास्त जोरात दचकले. आता आमच्याकडची रात्र डोळ्यांसमोर आणा. कृषिपंपाला वीज रात्रपाळीची आली, तर माणूस काळोखात वावरात जातो. पायाखाली साप असू शकतो, पऱ्हाटीत डुक्कर असू शकते, जंगलालगत वाघ. विहिरीवर ऑटो स्विच लावलेला असेल, तर वीज येताच पंप आपोआप धडाडतो. सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो म्हणून महावितरण हे ऑटो स्विच लावू नका असे वारंवार सांगते. पण विहिरीच्या काठावर अंधारात वाकलेल्या माणसाच्या छातीवर काय ताण येतो, याचा हिशेब कोणत्याच सूचनापत्रकात नसतो. घरात मागे राहिलेल्या बाईचेही तेच. नवरा वावरात, लेकरू तापाने फणफणलेले, लाइट गेलेली, आणि फोन वाजला की वसुलीवाल्याचा तर नाही, ही धास्ती. त्या घरात 'टीं' वाजली आणि ती दचकली, तर ते तिच्या बावळटपणाचे लक्षण कसे? तिचे शरीर परिस्थितीला साजेसेच वागत असते. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत तोच आवाज किरकोळ वाटतो, कारण तिथे बाहेरच्या काळोखात काही दबा धरून बसलेले नसते.

पैशाचा मुद्दा राहिला. दुकानदार म्हणतात, वेगळे आवाज, मराठीत बोलणारा इशारा, आवाज कमी करायचे बटण, हे सगळे घातले तर वस्तू महागेल आणि गरिबालाच परवडणार नाही. मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण बाजारच त्याला खोटे पाडतो. पाण्याच्या टाकीला लावायचा बोलका अलार्म बघा. अगदी स्वस्तातली वस्तू. टाकी भरली की बाईच्या आवाजात हिंदीतून सांगते की टंकी भरली आहे, मोटर बंद करा. सगळ्या गल्लीला कळते की कुणाची टाकी भरली आणि काय करायचे. त्या आवाजाचा त्रास होत असेल, पण त्याने गोंधळ कुणाचाच होत नाही. इतक्या स्वस्त वस्तूला जे जमते ते हजारो रुपयांच्या इन्व्हर्टरला का जमू नये? शिवाय बहुतेक यंत्रांत आवाज कधी आणि कसा वाजायचा हे आतल्या छोट्या चिपमध्ये लिहिलेले असते. एकसुरी किंकाळीऐवजी आधी हळू, मग मोठी, असा क्रम ठेवायला नवा सुटा भाग लागत नाही. लागते ती इच्छा, आणि ऐकणारा कोण आहे याची जाणीव.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली आहे असेही नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या परिशिष्टात घरगुती उपकरणांसाठी कारखान्यातच पाळायची आवाजाची मर्यादा दिलेली आहे: कूलरला ६० डेसिबल, फ्रिजला ४६. ही तरतूद कुणीतरी विचारपूर्वक केली. पण ती सतत चालणाऱ्या घरघरीसाठी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि कूलर रात्रभर गरजतो, तरी त्याच्याशेजारी लेकरे गाढ झोपतात. घरघरीने कुणी दचकत नाही. दचकवतो तो आवाजाचा चढ, क्षणात शून्यावरून वर जाणे, आणि त्या चढाला या नियमांत मर्यादा नाही. विजेच्या बचतीसाठी फ्रिजवर तारे छापलेले असतात, ते बघून लोक खरेदी करतात. युरोपात २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर विजेसोबत फ्रिजच्या आवाजाचीही प्रतवारी असते. आपल्या ताऱ्यांच्या लेबलवर आवाजाला ती जागा का नाही? आणि ती आली, तर नुसती डेसिबल न लिहिता, हे यंत्र कोणकोणते इशारे देते, ते बंद किंवा कमी करता येतात का, एवढेही लिहायला काय हरकत आहे?

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो आपल्याच माणसांकडून येतो. कापसाला भाव नाही, संत्र्याची फळगळ चालू आहे, आणि तुम्ही फ्रिजच्या पिपाणीवर काय लिहिता? या आक्षेपातली तळमळ खरी आहे. पण लहान वाटणाऱ्या या गोष्टीत जीव जातात. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. ओला पत्रा, उतरलेला प्रवाह, पाणी भरायला गेलेली बाई किंवा लेकरू. यंत्रातून अनोळखी आवाज आला आणि त्याचा अर्थ विचारायला कुणी नसले, तर माणूस काय करतो? हात लावून बघतो. कडबा कुट्टीजवळ, थ्रेशरजवळ, तापल्या तेलाच्या कढईजवळ दचकणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा विषय चैनीचा वाटणार नाही. आणि भाव मिळत नाही म्हणून घरात घाबरूनही राहावे, असा काही नियम नाही. उलट ज्याचे दिवसभराचे हाल जास्त, त्याच्या रात्रीच्या झोपेची किंमत जास्त धरली पाहिजे.

मग करायचे काय? तालुक्याच्या दुकानातून इन्व्हर्टर किंवा फ्रिज घरी येतो तेव्हा तो बसवणारा पोरगा घरातल्या कर्त्या पुरुषाला बटणे दाखवतो, सही घेतो आणि निघून जातो. त्याने पंधरा मिनिटे जास्त थांबावे, घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या बायांना आणि म्हाताऱ्यांना बोलवावे, आणि प्रत्येक इशारा एकदा वाजवून दाखवावा: हा बॅटरी उतरल्याचा, हा भार वाढल्याचा, हा वाजला तर मेन बंद करा आणि हात लावू नका. यंत्रावर मराठीत मोठ्या अक्षरांची आणि चित्रांची एक पट्टी चिकटवावी. ग्राहकाने ही मागणी पैसे देण्याआधी करावी आणि दुकानदाराने ती कंपनीपर्यंत पोचवावी. दहा दुकानांतून तीच तक्रार गेली की कारखान्याला ऐकावे लागते. सरकारने पुढची मोबाइल चाचणी घेताना आदल्या दिवशी ग्रामपंचायतींना कळवावे आणि खऱ्या संकटात हाच आवाज आला तर काय करायचे ते मराठीत, बोलून सांगावे. नुसते लिहून पुरणार नाही. आणि पोट्ट्यांनो, तुमच्या आजीला त्या अलार्मचा आवाज आधी समोर बसून ऐकवा, तिच्या हातात फोन द्या, बंद कसा करायचा ते तिच्याकडून दोनदा करून घ्या. ज्या घरांत कुणी एवढे करते, त्या घरांतल्या म्हाताऱ्या इन्व्हर्टर वाजला की स्वतःच हाक मारून सांगतात, "बॅटरी उतरली रे, टीव्ही बंद करा."